ज्या अर्जाला क्रमांकच मिळत नाही, त्याचं काय?

प्रति,
महाराष्ट्र शासनाच्या ऑनलाइन सेवांची आखणी, देखरेख आणि आढावा ज्यांच्याकडे आहे ते सर्व अधिकारी,
मंत्रालय, मुंबई.

विषय : अर्ज दाखल होण्याआधीच माघारी जाणाऱ्या माणसांबाबत.

महोदय, महोदया,

आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या दारावर नुकताच एक कागद चिकटवला गेला : 'सर्व अर्ज फक्त ऑनलाइन. कागदी अर्ज घेऊन येऊ नये.' खाली सही नाही, शिक्का नाही, आदेशाचा जावक क्रमांक नाही. आत जाऊन विचारलं, हे कोणी ठरवलं? उत्तर मिळालं, 'वरून आलंय.' वर म्हणजे तुम्ही, असं धरून लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण टपालानं पाठवलं असतं तर 'सदर तक्रार पोर्टलवर नोंदवावी' एवढंच उत्तर आलं असतं.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. एक खोली, दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, ठसा घ्यायचं यंत्र आणि लाइट गेल्यावर जेमतेम साथ देणारा इन्व्हर्टर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, आठ अ, पीक विमा, फार्मर आयडी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, अतिवृष्टीच्या अनुदानाची ई-केवायसी, शाळा सुरू झाल्या की नॉन-क्रीमीलेयर. वर्षाचं चक्र पावसापेक्षा तुमच्या मुदतींवर जास्त चालतं. गावचा माणूस सरकारला भेटायला निघतो तेव्हा पहिलं तोंड माझं दिसतं आणि पहिली शिवीही मीच खाते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ही व्यवस्था अवघड आहे म्हणून माझं घर चालतं. संकेतस्थळं सोपी असती तर लोक माझ्याकडे आलेच नसते. अर्ज त्रुटीत परत आला की माणूस पुन्हा माझ्याच काउंटरवर येतो, पुन्हा स्कॅन, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा पैसे. म्हणजे तक्रार करण्यात माझं नुकसानच आहे. तरी करते, कारण माझ्या सासूबाईंनी उभी हयात ऊसतोडीत काढली आणि त्यांच्या बोटाचा ठसा माझ्याच यंत्रावर उठत नाही. घरात केंद्र असून त्यांची ही गत, तर घाटातल्या वस्तीवरच्या म्हातारीची काय होत असेल, हे मला मंत्रालयात जाऊन विचारायची गरज नाही. ती रोज माझ्यासमोर बसलेली असते.

कॉम्प्युटर नको, जुने दिवस परत आणा, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. सातबाऱ्यासाठी सजावर तलाठी आप्पांची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या वाट बघण्याचा 'दर' काय असायचा तेही ऐकून आहे. आज पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो आणि तो कायदेशीर धरला जातो. निराधारांचे पैसे थेट खात्यावर पडतात, मधला माणूस गेला. 2025 साली जिवंत सातबारा मोहीम निघाली तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या मेलेल्या आजोबांच्या नावावर अडकलेल्या जमिनींवर वारसांची नावं लागली. हे सगळं चांगलं झालं. म्हणूनच जे बिघडलं आहे ते बोलायला हवं.

माझी मुख्य तक्रार एकच आहे. बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

तुमच्या व्यवस्थेला माणूस दिसायला लागतो तो त्याला अर्ज क्रमांक मिळाल्यावर. त्याआधी तो कितीही वेळा आला, कितीही तास बसला, तरी तुमच्या लेखी आलेलाच नसतो.

आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आहे. मी तो बारकाईनं वाचला आहे आणि कायदा म्हणून तो मला आवडतो. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाकारली तर लेखी कारण द्यायचं. न पटल्यास 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस, असं प्रत्येक सेवेपुढं लिहिलेलं आहे. कागदावर यापेक्षा काय हवं?

पण हे दिवस मोजायला सुरुवात कधी होते? अर्ज दाखल होऊन पोच मिळाली की. आणि माझ्याकडे जी माणसं माघारी जातात, त्यातली बरीचशी त्या पोचेपर्यंत पोहोचतच नाहीत. ओटीपी आला नाही. ठसा जुळला नाही. आधारवर कौसाबाई, सातबाऱ्यावर कौशल्या, बँकेत कौशल्याबाई, म्हणून पान पुढं सरकलं नाही. सगळं भरून झालं आणि शेवटच्या बटणाला सर्व्हर पडला. यातल्या एकाही गोष्टीचा क्रमांक मिळत नाही, एसएमएस येत नाही, कारण छापून निघत नाही. त्या बाईनं दिवसाची मजुरी बुडवली, टमटमला भाडं दिलं, दुपारची भाकर माझ्या ओट्यावर बसून खाल्ली आणि संध्याकाळी घरी गेली. ती अपील कशावर करणार? सेवा नाकारली असं म्हणायला आधी अर्ज लागतो आणि अर्ज तर झालाच नाही.

तुमच्या डॅशबोर्डवर मुदतीत निकाली काढलेल्या अर्जांची टक्केवारी दिसते. ती खरीच असेल. जे दाखल झाले त्यातले किती निकाली निघाले, हे ती सांगते. जे दाखल होऊ शकले नाहीत ते तिच्यात कुठं आहेत?

आता एकेक गोष्ट घेते.

पहिली, बोटांची. ऊस तोडून, पाचट ओढून, मोळ्या बांधून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. भांडी घासून, सरकी वेचून, खडी फोडूनही झिजतात. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. यंत्रं सुधारली पाहिजेत म्हणून आम्हाला नव्या प्रकारची ठसायंत्रं विकत घ्यायला लावली, तीही आम्ही स्वतःच्या पैशानं घेतली. झिजलेलं बोट नव्या यंत्रावरही झिजलेलंच राहतं. मग म्हातारी बोट ओलं करते, लुगड्याला पुसते, परत ठेवते, दुसरं बोट ठेवते. 'ताई, यायलंय का?' मी म्हणते, नाही मावशी, अजून नाही.

यावर तोडगा नाही असंही नाही. आधार प्राधिकरणानंच 24 ऑक्टोबर 2017 रोजी परिपत्रक काढलं होतं : ठसा जुळला नाही म्हणून कोणाचा लाभ अडवायचा नाही, डोळ्याचा किंवा ओटीपीचा मार्ग द्यायचा, तेही जमलं नाही तर इतर कागदावर ओळख पटवून लाभ द्यायचा आणि अपवाद नोंदवहीत लिहायचा. अशी नोंदवही मी आमच्या भागात एकाही काउंटरवर पाहिलेली नाही. रेशनच्या रांगेत विचारून बघा, कोणाला ठाऊक आहे का. परिपत्रक इंग्रजीत आहे आणि 'ठसा जुळत नाही' हे वाक्य मराठीत आहे, त्यामुळं लोकांच्या कानावर फक्त दुसरं पोहोचतं.

दुसरी, मोबाइलची. तुम्ही धरून चालता की प्रत्येक माणसाचा एक मोबाइल असतो, तो त्याच्याच हातात असतो, त्याला रेंज असते आणि आधारला तोच नंबर जोडलेला असतो. आमच्याकडे आधारला जोडलेला नंबर मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला कंपनीत रात्रपाळी करून झोपलेला असतो. कधी तो मुकादमाचा असतो, कारण आधार काढायच्या दिवशी घरात फोनच नव्हता. ओटीपी आला तर दहा मिनिटांत टाकायचा. रेंजसाठी माणूस पोराला गच्चीवर पाठवतो आणि पोरगा खाली येईपर्यंत वेळ संपलेला असतो. ज्याचा ओटीपी त्यानंच द्यावा, कोणाला सांगू नये, अशी जाहिरात तुम्ही करता, आणि योजनांची रचना अशी करता की सांगितल्याशिवाय भागतच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला. आमच्या भागात लोक ओटीपी, पिन आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ती वही केंद्रवाल्याकडे ठेवून जातात. माझ्याकडेही ठेवायला येतात. मी परत पाठवते. सगळे पाठवतात असं मी म्हणणार नाही.

तिसरी, मुदतीची. ही जरा लांबवून सांगते, कारण इथं आमचा जिल्हा आणि तुमचं कॅलेंडर यांची गाठच पडत नाही.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी 18 सप्टेंबर 2025 ला सुरू झाली. दोन महिन्यांची मुदत होती. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. सिंदफणा, मांजरा, गोदावरी पात्र सोडून गावात शिरल्या. घरातली पेटी वाहून गेली, पेटीत कागद होते, काहींचा मोबाइलही गेला. मुदत पुढं 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, ते बरं केलं. पण दिवाळी झाली की आमच्याकडची गावं ओस पडतात. उचल घेतलेली असते, ट्रक लागतो, नवराबायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकात जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात ती बाई उसाच्या फडात असते, पहाटे तोडीला आणि रात्री गाडी भरायला. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, लाइट नाही. वाढवलेली मुदत तिच्या कामाच्या दिवसांत पडली.

त्यात पतीचं किंवा वडिलांचं आधार जोडायचं होतं. नवरा वारलेला, वडीलही वारलेले, त्या बाईनं काय करायचं? सुरुवातीला पोर्टलवर तिला वाटच नव्हती. पुढं सोय झाली : मृत्यू प्रमाणपत्राची किंवा घटस्फोटाच्या कागदाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. चांगलं. पण अंगणवाडी गावात आणि बाई फडात. शिवाय आमच्याकडे नवऱ्यानं टाकलेल्या बायांकडे घटस्फोटाचा कागद नसतो. नवरा जिवंत असतो, दुसरा संसार करत असतो आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी मागायला तिला त्याच्या दारात जावं लागतं. ही योजना तिच्या हातात स्वतःचे पंधराशे रुपये यावेत म्हणून आहे, एवढंच मी लक्षात आणून देते.

त्याच फॉर्ममधला एक प्रश्न तर मी विसरू शकत नाही. कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत नाही, असं वाक्य होतं आणि खाली 'होय' किंवा 'नाही' निवडायचं होतं. म्हणजे कोणी नोकरीत नसेल तर 'होय' दाबायचं. आमच्याकडे विचारलं, 'घरात कोणी नोकरीला आहे का?' तर माणूस म्हणतो, 'नाही.' तसंच बोट 'नाही'वर जातं आणि रोजंदारीवर जाणारी बाई सरकारी कर्मचाऱ्याच्या घरची ठरते. मी स्वतः पदवीधर आहे, मला ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. पुढं शासनालाच अंगणवाडी सेविकांमार्फत पडताळणी करायला लावावी लागली. सेविकांचं काम वाढलं, बायांचे हप्ते लटकले आणि फॉर्म लिहिणाऱ्याला कोणी काही विचारलं असेल असं वाटत नाही. तो फॉर्म चालू करण्याआधी एखाद्या गावात चार बायांना समोर बसवून भरून घेतला असता तर पहिल्याच दुपारी ही चूक सापडली असती.

चौथी, अतिवृष्टीच्या अनुदानाची. 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आमच्याकडे त्याचं रूप काय, तर व्हीके नंबरची यादी. पंचनामा झाला की तलाठ्याकडून यादी अपलोड होते, प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक पडतो, तो घेऊन केंद्रावर ई-केवायसी करायची आणि मग पैसे खात्यावर. फार्मर आयडी आहे त्यांना ई-केवायसीची गरज नाही, असं शासनानं नंतर सांगितलं. त्याबद्दल मनापासून आभार. एका आदेशानं लाखो लोकांची एक फेरी वाचू शकते, हे तेव्हा दिसलं.

पण ज्यांचं यादीत नावच आलं नाही, ज्यांचा खाते क्रमांक एका आकड्यानं चुकला, ज्यांची जमीन भावाभावांत सामाईक आहे आणि एक भाऊ संमतीपत्रावर सही देत नाही, ज्यांचा खातेदार बाप पुराच्या आधीच वारला आणि फेरफार अजून मंजूर नाही, ते कुठं गेले? त्यांना दुरुस्ती हवी असते. ती माझ्या लॉगिनला दिसत नाही. तलाठी म्हणतात तहसीलच्या लॉगिनला गेली, तहसीलमध्ये म्हणतात वरून अजून आली नाही. तिथंही परत 'वरून'. शेतकऱ्याच्या हातात फक्त एक क्रमांक असतो आणि त्यापुढं लिहिलेलं असतं 'प्रलंबित'. कोणाकडे प्रलंबित, कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून, काहीच नाही. पूर्वी फाइल कोणाच्या टेबलावर पडून आहे हे निदान शिपायाला विचारून कळायचं.

पाचवी, सातबाऱ्यातल्या चुकांची. हस्तलिखित उतारे कॉम्प्युटरवर घेताना झालेल्या चुका अजून निघतात : क्षेत्र कमी, नावात अक्षर वेगळं, इतर हक्कात जुनाच बोजा. 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, बऱ्याच चुका तेव्हा सापडल्या. राहिल्या त्यांच्यासाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली अर्ज करायचा. आमच्या मराठवाड्यात तर निजाम काळातल्या आणि त्यानंतरच्या खासरा पाहणीतल्या नोंदी पुराव्याला लागतात, त्या उर्दूत, मोडीत. कुणबी नोंदींसाठी त्यातल्या पुष्कळ स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या, हे मोठं काम झालं. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्यात नाव टाकून शोधता येत नाही. आणि मूळ चूक कार्यालयाची असली तरी दुरुस्तीचा पुरावा गोळा करायचा तो शेतकऱ्यानं, हे काही बदललेलं नाही.

सहावी गोष्ट नव्या नव्या तंत्रज्ञानाची. फेब्रुवारी 2025 मध्ये व्हॉट्सअॅपवाल्या मेटा कंपनीसोबत करार झाला, आपले सरकारच्या 500 सेवा व्हॉट्सअॅपवर येणार असं जाहीर झालं. त्याच वर्षी महाअॅग्री-एआय धोरण आलं, 500 कोटींची तरतूद झाली. मे ते 2 ऑक्टोबर असा 150 दिवसांचा ई-गव्हर्नन्स सुधारणा कार्यक्रम झाला. कार्यालयांना संकेतस्थळ, आपले सरकार, ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सअॅप, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि जीआयएस, म्हणजे नकाशावरची माहिती, यावर गुण मिळाले. व्हॉट्सअॅप आमच्याकडे म्हाताऱ्यांनाही येतं, आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, त्यामुळं ही कल्पना मला खरंच पटते. पण व्हॉट्सअॅपवर मागितलेला दाखलाही शेवटी त्याच ओटीपीपाशी येऊन थांबणार असेल, तर आम्ही फक्त दार बदललं. आणि त्या मोजपट्ट्यांत 'माघारी गेलेली माणसं किती' अशी एक पट्टी नव्हती. कार्यालयांनी गुणांसाठी धडपड केली, त्यात त्यांचा दोष नाही. जे मोजलं जातं तेच केलं जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

आता आमच्याबद्दल. केंद्र चालकांत चोर आहेत. दरपत्रक झाकून जादा पैसे घेणारे आहेत. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर बोगस अर्ज भरले गेले, त्यात आमच्या जिल्ह्याचं नाव राज्यभर गाजलं, केंद्रांवरही कारवाई झाली. व्हायलाच हवी होती. 2025 च्या खरिपापासून तो एक रुपया गेला आणि शेतकऱ्याला पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता आला. चोरी करणाऱ्यांनी केली, भुर्दंड सगळ्यांना. पण हेही बघा, की एकाच गटावर दोन माणसांचा विमा चढतो तेव्हा तुमची यंत्रणा त्याच क्षणी थांबवत नाही, आणि कौसाबाईची कौशल्या झाली की मात्र लगेच थांबवते. हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि आम्ही म्हणजे नक्की कोण? सरकारचे नोकर नाही, दुकानदारही नाही. भाडं आमचं, यंत्र आमचं, लाइट बिल आमचं, सर्व्हर तुमचा. सर्व्हर बंद असला तरी समोरचा माणूस मलाच विचारतो, कारण तुमचा पत्ता त्याच्याकडे नाही. मी या पत्राखाली नाव लिहीत नाही. घाबरट म्हणा हवं तर. केंद्राचा आयडी बंद करायला नोटीस लागत नाही, एक क्लिक पुरतं, आणि तो परत चालू करून घ्यायला मलाही कुठल्या तरी पोर्टलवरच जावं लागेल.

मागण्या लिहिते. नवा खर्च त्यात फारसा नाही.

1. पोच पहिल्याच पायरीला द्या. माणसानं नाव आणि सेवा सांगितली की त्याच क्षणी प्रयत्न क्रमांक पडला पाहिजे. पुढं अडलं तर कुठं आणि कशामुळं अडलं, ते वेळेसकट त्या क्रमांकापुढं मराठीत नोंदलं जावं आणि त्याची छापील चिठ्ठी निघावी. त्या चिठ्ठीवर लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता यावं. योजनांची ई-केवायसी आणि यादीतली दुरुस्ती या दोन्ही गोष्टी अधिसूचित सेवांत स्पष्टपणे घाला. बाकी सगळ्या मागण्या बाजूला ठेवल्या तरी चालतील, ही ठेवू नका.

2. प्रत्येक तालुक्यात किती प्रयत्न झाले आणि त्यातले किती अर्ज झाले, हे दोन आकडे शेजारी शेजारी दर महिन्याला जाहीर करा. मराठवाड्याच्या 76 तालुक्यांपासून सुरुवात करा.

3. सर्व्हर जेवढा वेळ बंद, तेवढी मुदत आपोआप पुढं जावी. त्यासाठी आमदारांनी निवेदन द्यायची वेळ येऊ नये.

4. अर्ज नाकारला किंवा परत पाठवला तर अधिकाऱ्याचं पद, तारीख आणि नेमकं कारण लिहा. 'त्रुटी पूर्तता करावी' हे कारण होत नाही. कोणती त्रुटी?

5. 2017 च्या परिपत्रकातली अपवाद नोंदवही प्रत्येक रेशन दुकानात, ग्रामपंचायतीत आणि आमच्या केंद्रांत ठेवा, आणि 'ठसा जुळला नाही तरी लाभ मिळेल' अशी पाटी मोठ्या अक्षरांत लावा. दारावर 'कागदी अर्ज आणू नये' असं चिकटवायचं असेल तर त्याखाली आदेश क्रमांक आणि सही हवी. तसा आदेश नसेल तर कागद काढून टाकायला सांगा.

6. ज्या मुदती ऑक्टोबर ते मार्च यादरम्यान संपतात, त्या ऊसतोड कामगारांसाठी कारखान्याच्या तळावर पूर्ण करायची सोय करा. साखर आयुक्तालय आहे, कारखान्यांकडे टोळ्यांच्या याद्या आहेत, गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ आहे. आठवड्यातून एक दिवस एक ऑपरेटर डोळ्याचं यंत्र घेऊन फडाजवळ बसला तरी पुष्कळ होईल. मीही येईन, भाडं दिलं तर.

7. कोणताही नवा फॉर्म खुला करण्याआधी तो गावात भरून बघा. अधिकाऱ्यानं भरायचा नाही, बघायचं फक्त. भरून पाठवलेल्या फॉर्मात चूक झाली तर ठरावीक दिवस ती स्वतः दुरुस्त करता यावी.

8. केंद्रांचे दर, पावती आणि तपासणी कडक करा. आयडी बंद करायच्या आधी मात्र नोटीस द्या आणि म्हणणं ऐका.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आणि कोणत्या अमान्य, ते कारणासह कळवावं. अमान्य केलं तर निदान कोणी केलं ते कळेल.

आपली,
एक सेवा केंद्र चालक,
जिल्हा बीड

प्रत माहितीसाठी :
मा. राज्य सेवा हक्क आयोग
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी
केंद्राच्या दाराबाहेरचा फलक